रायटरबाईनं गाळलेला शब्द

३ मार्च, सोमवार. तुडील

वैशाली वहिनीकडे उतरलेय. दादा मुंबईला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच आणि वहिनीची बडबड. दारातच विचारलंन, "वन्सं, किती दिवस मुक्काम?" म्हटलं, महिनाभर. "मंग भांडी घासायला लागतील." बरं वाटलं. पुण्यात माझ्याशी असं कुणी बोलत नाही. तिथं मी डॉक्टर निशिगंधा, गुन्हेशास्त्र विभाग, पोलीस आणि तंत्रज्ञान या विषयावर बावीस वर्षं काम. पोरंसुद्धा लांबून नमस्कार करतात.

काम शेवटच्या टप्प्यात आलंय, म्हणून ही वही. महाड-पोलादपूर भागातल्या काही ठाण्यांत दीड वर्षापासून जबाब यंत्र लिहून घेतं. माणूस बोलतो, यंत्र ऐकतं आणि शुद्ध मराठीत टाइप करतं. ठाण्यात जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला रायटर म्हणतात, म्हणून शिपायांनी यंत्राचं नाव पाडलंय रायटरबाई. चारशे जबाब तपासून मी अहवाल दिला: शंभरातले शहाण्णव शब्द बरोबर. त्या आकड्यावर मी खूश आहे, उगाच कशाला लपवू! सत्तावीस तारखेला मुंबईत समितीपुढे बसायचं. समितीनं मान हलवली की रायटरबाई राज्यभर जाईल आणि विभागात नवं केंद्र निघेल. प्रमुख कोण, तर मी.

आता ज्यांचे जबाब झाले त्यांना गाठून एवढंच विचारायचं, की समाधान आहे का.

५ मार्च, बुधवार

वरंधपर्यंत एसटी आणि पुढं वाडीवर तासभर चढ. गुडघे बोलायला लागले. या वाडीचं प्रकरण ज्या ठाण्याकडं आहे त्याचं नाव मी अहवालात 'ठाणं क्रमांक तीन' लिहिलंय. वहीतही तेच राहू दे. सवय.

फेब्रुवारीत वाडीवरच्या डोंगराला वणवा लागला. भिकाजी म्हणून म्हातारा आपली काजूची कलमं वाचवायला गेला आणि दोन्ही पाय भाजून बसला. मुंबईला दवाखान्यात आहे. त्याचं आणि चांगूचं बांधावरून जुनं भांडण. चांगूनं मुद्दाम पेटवलं, असा गुन्हा आहे आणि चांगू अलिबागच्या तुरुंगात आहे. जामीन एकदा नामंजूर झालाय. साक्षीदार एकच, राहीबाई. साठीची, एकटीच राहते. एकोणीस फेब्रुवारीला तिनं रायटरबाईपुढे जबाब दिला.

तिच्या पडवीत टॅबलेट ठेवला, त्यात रायटरबाईच आहे. प्रश्न विचारले आणि नेमका विभागातून आमच्या विभागप्रमुख सरांचा फोन. रेंज आंब्याखालीच येते, म्हणून तिकडं गेले. राहीबाई टॅबलेटसमोर हातवारे करकरून बोलत होती. परत येईतो पडद्यावर उत्तरं तयार: "जबाब वाचून दाखवला. मला समजला. साहेबांनी नीट विचारले." म्हातारी वैतागलेली दिसली खरी, पण उत्तरं चोख आहेत. स्वभाव असेल.

निघताना पाणवठ्यावर चांगूची बायको आवडी आडवी आली. "तिच्या घरी च्या प्यायलात, म्याडम? हिच्या तोंडापायी माझा माणूस आत बसलाय." तिच्यामागं चार बाया हंडे धरून उभ्या. राहीबाईच्या हंड्याला तिथं जागा देत नाहीत म्हणे. वाईट वाटलं. पण खटल्यात पडणं हे माझं काम नाही, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते.

१० मार्च, सोमवार

आज कमाल झाली. राहीबाई तुडीलला आली, एसटी बदलून, पत्ता विचारत. पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या सुरू.

"बाय, तू शिकलेली हायस. त्या फौजदाराला सांग, मी असा बोलले नाय."

"कसं?"

"चांगूला बघितला म्हणून. त्याची बायको माझ्या तोंडावर थुकायची बाकी हाय. मी बोलले नाय गो असा!"

मी तिला पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. पोलिसांपुढं एक बोलावं आणि गावात परतल्यावर भीती वाटावी, हे जगभर होतं. साक्षीदार फिरतात. माझ्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे. यंत्राला ना भीती ना भीड, ते जे ऐकतं तेच लिहितं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठली. "म्हंजी तुला पण मी लबाड." चहासुद्धा घेतला नाही.

वहिनीनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "म्हातारी इतक्या लांबून आली, तिला शिकवत काय बसलीस?" मी चिडून म्हटलं, "मी शिकवत नाय बसले, खरं ते सांगितलं!" वहिनी हसायला लागली. "चिडलीस का तुझा तुडील भायेर येतो बघ." खरंय. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मुलींनी 'नाय'वरून चिडवलं होतं. महिन्याभरात ते मी जिभेवरून खरवडून काढलं. अठरा वर्षांची होते. आज कुणाला सांगूनही पटायचं नाही की मी इथली.

१३ मार्च, गुरुवार. होळी

अगं बाई, काय लिहू आणि कुठून लिहू.

दुपारी अहवालाचा शेवट टॅबलेटला तोंडी सांगत होते. टॅबलेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालूच राहिला आणि मी अंगणात गेले. आत वहिनी काहीतरी ओरडली. कुकरच्या शिट्टीत मला ऐकू आलं नाही. परत आले तर पडद्यावर माझ्या वाक्यांखाली लिहिलेलं: "पुरण शिजले. पोळ्या केल्या. आता बसायचे." मी आपली हात धुऊन पानावर. वर शिमग्याला आलेल्या दादालाही हाक मारली, की ये रे, झाल्या पोळ्या.

वहिनी झारा घेऊन बाहेर. "कुणी सांगितला झाल्या? मी काय बोलले? पुरण शिजला नाय! पोळ्या केल्या नाय! आता बसायचा नाय! उठा, नारळ खवा!"

दादा हसून हसून लोळला. मीही हसले. हसताना माझं लक्ष पडद्याकडं गेलं आणि हसू तिथंच मेलं.

वहिनीला म्हटलं, परत बोल. तिनं बोलून दाखवलं. "पुरण शिजला नाय." पडद्यावर: "पुरण शिजले." पाच वेळा बोलायला लावलं, पाचही वेळा तेच. मग मी पुण्याच्या तोंडानं म्हटलं, "पुरण शिजलं नाही." अक्षर न् अक्षर बरोबर.

दोष शोधायला लांब जावं लागलं नाही. जबाबात लोक उगाच जे घोळवतात ते शब्द गाळायची यादी असते: म्हणजे, हां, काय ते, आणि 'ना'. 'मी गेलो ना, मग बसलो ना', त्यातला 'ना'. यंत्राला 'नाय' हा त्या 'ना'सारखाच ऐकू येतो आणि ते तो झटकून टाकतं. शहरात 'मी गेलो नाही' म्हणतात, तिथं काही बिघडत नाही. इथं 'मी गेलो नाय' म्हणणारा माणूस गेलेलाच ठरतो.

ती यादी मी केलीय. माझ्या अक्षरात आहे. 'ना' शेजारी कंसात लिहिलंय: नाय, न्हाय, उच्चारभेद.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सगळे अंगणात, मी खोलीत. जुनी मूळ ध्वनिमुद्रणं ऐकत बसले. अभ्यासासाठी ठाण्यांनी एकूण चारशे त्रेसष्ट दिली होती. त्यातली त्रेसष्ट मी 'अस्पष्ट' शेरा मारून बाजूला ठेवली आणि चारशे तपासली. त्या चारशेत दुकानदार, शिक्षक, तलाठी, ड्रायव्हर. आज ती त्रेसष्ट ऐकली. सगळी डोंगरातली माणसं. वरंधच्या वरची, आंबेनळीच्या अलीकडची, पोलादपूरच्या वाड्यांमधली. एकही अस्पष्ट नाही. मला लख्ख समजतात, माझा बाप असाच बोलायचा. मग मी तेव्हा अस्पष्ट का लिहिलं? पुण्यातल्या ज्या मुलांनी टाइप केलं त्यांना कळलं नव्हतं, आणि मला कळलंय हे सांगायची मला लाज वाटली. लिहिलं एकदाचं.

राहीबाई मला समजावायला दोन एसट्या बदलून आली होती. मी तिला साक्षीदार कसे फिरतात ते शिकवलं. कप्पाळ माझं.

१७ मार्च, सोमवार

क्रमांक तीनला गेले. तपास हर्षदकडं, उपनिरीक्षक. घाटावरचा, तिशीचा, हुशार. राहीबाईचं मूळ ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं.

"मॅडम, कोर्टात प्रकरण आहे. असं कुणालाही ऐकवता येत नाही."

"मग निदान राखून ठेवा. तीस दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. एकोणीस फेब्रुवारीचं आहे, एकवीस मार्चला सकाळी सहाला जाईल. तपास अधिकाऱ्यानं लेखी दिलं तरच राहतं."

"तुम्हाला बरं पाठ आहे हो!"

पाठ असणारच. लोकांचा खासगीपणा जपायला तीस दिवसांत पुसा, ही शिफारसही माझीच. एकेक धोंडा नीट वेचून पायावर पाडून घेतलाय मी.

यंत्र चुकतं, हे मी त्याला सांगितलं. त्यानं कपाटातून माझा अहवाल काढला आणि शहाण्णव टक्क्यांवर बोट ठेवलं. "कोर्टात मी हेच दाखवलंय, मॅडम. तुमच्या सहीचं." वीस तारखेच्या चवदार तळे सत्याग्रहदिनाच्या बंदोबस्ताची धावपळ आहे, नंतर बघू, म्हणाला. नंतर म्हणजे पुसल्यावर.

तिथूनच चांगूच्या वकिलांना फोन केला, सगळं सांगितलं. चोवीसला सेशन्स कोर्टात पुन्हा जामिनाची सुनावणी आहे. ते उद्या राखून ठेवण्याचा अर्ज देतील, पण त्यावर आदेश चोवीसच्या आत व्हायचा नाही. मुळात हर्षदनं मनावर घ्यायला हवं.

१८ मार्च, मंगळवार

सरांना सगळं लिहून पाठवलं. लगेच फोन. "निशिगंधा, सत्तावीसपर्यंत थांब. केंद्र मंजूर होऊ दे, मग यादीतून एक शब्द काढायला कितीसा वेळ लागतो?"

"सर, माणूस आत आहे."

"तो तुझ्यामुळं आत नाही. पोलिसांनी टाकलाय."

फोन ठेवल्यावर मला क्षणभर ते पटलं होतं, हेही लिहून ठेवते. क्षणभर कसलं, चांगला अर्धा तास. सर वाईट माणूस नाहीत, मला त्यांनीच उभं केलंय. मग भांडी घासली. घासता घासता राग आला आणि राग आल्यावर बरं वाटलं. थांबणार नाही.

२० मार्च, गुरुवार. महाड

सकाळी सातपासून हर्षदला शोधत होते. चवदार तळ्याकडं जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर माणसंच माणसं, कुठून कुठून आलेली, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे गठ्ठे. साडेअकराला तो एका वळणावर सापडला, दोरी धरून उभा. मला बघून त्यानं हातच जोडले. "मॅडम, आज नको. पाया पडतो."

मी हलले नाही. तेवढ्यात इथलीच एक म्हातारी उन्हानं दमून दोरीपाशी टेकली. हर्षदनं विचारलं, "आजी, पाणी प्यायलात का?"

"सकाळधरनं प्यायले नाय, बाबा."

त्यानं स्वतःची बाटली तिच्या हातात दिली. ती घटाघटा प्यायली, त्याच्या गालावरून हात फिरवून पुढं गेली.

मी म्हटलं, "बाटली का दिलीत?"

"का म्हणजे? ती म्हणाली ना, प्यायले नाय."

"रायटरबाईनं लिहिलं असतं, 'सकाळपासून प्यायले.' आणि तुम्ही बाटली खिशात ठेवली असतीत."

मी सोडलं नाही. "राहीबाई तुमच्यासमोर बसली होती. तिच्या तोंडून तुम्ही काय ऐकलंत? कागदावरचं नको. कानानं काय ऐकलंत?"

माणसं जात होती, तो हातानं रस्ता दाखवत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? मी ऐकत नव्हतो. मोबाइलवर दुसरं काम करत होतो. रायटरबाई लिहीत होती ना."

"मीही ऐकत नव्हते. मी आंब्याखाली होते," म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं दोरी शेजारच्या शिपायाकडं दिली आणि ठाण्यात फोन लावला. वहीच्या पाठीवर मजकूर लिहिला, सही केली, फोटो काढून धाडला. संध्याकाळी पाच चाळीसला ठाण्याचा निरोप: राखून ठेवलं. मी तिथंच फूटपाथवर बसले आणि रडले. कुणीतरी मलाही पाणी दिलं.

२१ मार्च, शुक्रवार

वरिष्ठांच्या परवानगीनं, वकिलांच्या समोर ऐकलं. पन्नास सेकंदांचं आहे. राहीबाई सावकाश, ठासून बोलतेय, लहान मुलाला सांगावं तशी: "मी धूर बघितला. चांगूला आग लावताना बघितला नाय. तो त्या दिवशी वाडीत नव्हता, मी त्याला बघितलाच नाय."

कागदावर काय होतं? "मी धूर पाहिला. चांगू यास आग लावताना पाहिले. तो त्या दिवशी वाडीत नव्हता, मी त्याला पाहिलेच."

वाडीत नसलेल्याला पाहिलंच कसं, हे पहिल्या जामीन अर्जाच्या वेळीही कुणाच्याच डोळ्यांना खुपलं नाही. म्हणे, साक्षीदाराची बोलीभाषा. हर्षद दोनदा ऐकून बाहेर गेला आणि तोंड धुऊन आला. मग दुपारी स्वतः वाडीवर जाऊन राहीबाईचा पुरवणी जबाब हातानं लिहून घेतला, तिला वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ती म्हणाली म्हणे, "आता बोललास बघ माझ्यासारखा."

२५ मार्च, मंगळवार. वाडी

काल जामीन झाला. सरकारी वकिलांनी विरोध केला नाही. ध्वनिमुद्रण कोर्टात लावलं तेव्हा 'नाय' ऐकल्यावर कुणी हसलं नाही, एवढं मी बघून घेतलं.

आज चांगू घरी आला, पस्तीस दिवसांनी. पडवीत बसला आणि स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मी त्याच्यासमोर हात जोडले, चूक माझी होती म्हणून सांगितलं. म्हणाला, "तुमी होता व्हय त्या मशीनमंदी?" म्हटलं, हो, मीच होते. त्यावर तो फक्त "बरा" म्हणाला. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. विचारायचा मला हक्कही नव्हता. भाताच्या वाफ्यांचा राब भाजायचा राहून गेलाय, पेरणीआधी उरकला पाहिजे, म्हणून उठून गेला.

आवडी मात्र डोक्यावर भरला हंडा घेऊन राहीबाईच्या दारात गेली. राहीबाईनं तिला दारातच उभी केली. "आता कशाला आणलास? माझे हात मोडले नाय." आवडी तिथंच बसून रडायला लागली. राहीबाईनं तिला थोडा वेळ रडू दिलं, मग हंडा उतरवून घेतला.

मला चहा मिळाला. बिनदुधाचा, पण मिळाला.

२७ मार्च, गुरुवार. मुंबई

समितीपुढं पहिलंच वाक्य म्हटलं: मी माझा अहवाल मागे घेते. सर खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्ष म्हणाले, "एका शब्दासाठी?" म्हटलं, त्या एका शब्दावर माणूस आत जातो किंवा घरी राहतो, दुसऱ्या कुठल्या शब्दावर नाही. दोन्ही तालुक्यांत यंत्र बंद करायचं ठरलं. दीड वर्षातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाकी माणसांचे मूळ आवाज पुसले गेलेत, त्यामुळं त्यांना घरी जाऊन पुन्हा विचारायला हवं. दोनशे बारा जबाब. कोण जाणार, असं विचारल्यावर मी हात वर केला. केंद्र गेलंच. परतताना सर माझ्याशी बोलले नाहीत आणि मला ते फार लागलं.

२ एप्रिल, बुधवार

यंत्र कुणी तपासलं, कसं तपासलं, याचा जबाब कोर्टाला हवाय. तो माझा. क्रमांक तीनला गेले. हर्षद कागद घेऊन बसला होता. मी म्हटलं, बंद व्हायच्या आधी एकदा तिच्यापुढंही देऊ दे. एकदाच. तिनं माझं काय केलं असतं ते मला बघायचंय. त्यानं रायटरबाई चालू केली.

अठराव्या वर्षानंतर पहिल्यांदा पोलिसांसमोर, मुद्दाम, तुडीलच्या तोंडानं बोलले. जीभ आधी अडली, मग सुटली.

"डोंगरातल्या माणसांचा बोलणा मी ऐकला नाय. यंत्र मी नीट तपासला नाय."

पडद्यावर आलं: "डोंगरातील माणसांचे बोलणे मी ऐकले. यंत्र मी नीट तपासले."

शुद्ध, सुरेख, सही करण्याजोगं. हर्षदनं ते पुसलं, कोरा कागद ओढला आणि माझं बोलणं हातानं लिहायला घेतलं. 'ऐकला'पर्यंत येऊन थांबला, पेन वर धरून.

"पुढं 'नाही' लिहूया ना, मॅडम?"

म्हटलं, "नाय."